चक्कर आली की मानेला पट्टा?

चक्करेवरच्या या चर्चेत दोघातिघांनी 'कूस बदलली की खोली फिरते म्हणजे स्पॉन्डिलायटिस (मानेच्या मणक्यांचा त्रास), मानेला पट्टा लावा' असं ठामपणे सांगितलंय. मला नाही पटत. पन्नाशीच्या कुणाचाही एक्स-रे काढा, मणक्यांची थोडीफार झीज बहुधा दिसतेच. तेवढ्यावरून चक्करेचं खापर मानेवर कशाला? कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढताना येणारी आणि मिनिटभरात थांबणारी गरगर बहुतेकदा आतल्या कानाची असते. तिला बीपीपीव्ही म्हणतात. कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, आणि डोकं हललं की मेंदूकडे चुकीची खबर जाते.

आमच्या सासूबाई कितीतरी दिवस पट्टा आणि चक्करेच्या गोळ्या यांवर होत्या. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं आणि आम्हाला त्यांचे डोळे बघायला सांगितले. बुबुळं थरथरत होती! ही डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे दोष कानाचा आहे का ते बघायची. लगेच तिथेच, ते कण नलिकेतून बाहेर यावेत म्हणून, एप्ली पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने फिरवलं, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबून. खर्च फक्त तपासणी फीचा. त्रास पुन्हा उद्भवू शकतो, तेव्हा हेच परत करायचं. यूट्यूब बघून घरी करण्याआधी दोष कोणत्या कानात आहे हे मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. चक्करेसोबत जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं असलं काही असेल तर एप्लीबिप्ली विसरून थेट इस्पितळ गाठा, तो पक्षाघात असू शकतो.