मदत हवी आहे: भाचीला बीए भूगोल की बीएस्सी? ओपन इलेक्टिव्हचा नेमका उपयोग काय?

अनुमावशी

नमस्कार मंडळी,

भाचीच्या प्रवेशासाठी विचारते आहे. बारावी सायन्स झाली, ६८ टक्के, बायोलॉजी ग्रुप. गणित अकरावीलाच सोडलं. नीटचा निकाल बेताचा आहे आणि तिला रिपीट करायचं नाही. लातुरात राहून हे वाक्य घरी बोलायला किती धीर लागतो ते तिकडच्यांना कळेल.

तिला शिकायचंय ते पाण्याबद्दल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ही दुसरीत होती. आईबरोबर कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली पोर आहे. नंतर गावच्या शेतात पाणाड्याने हातावर नारळ धरून दाखवलेल्या जागी दोन बोअर कोरडे गेले, त्याचं कर्ज दाजी अजून फेडताहेत. जमिनीखाली पाणी नेमकं कुठे आणि का असतं, हा तिचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

घराजवळच्या कॉलेजात बीएला भूगोल आहे. घरून जाऊन-येऊन करता येईल, खर्च कमी. बहिणीचं म्हणणं तेच घ्यावं. दाजी म्हणतात, सायन्स करून आर्ट्सला कशाला? कॉलेजच्या खिडकीवर आम्हाला सांगितलं की आता नवीन शैक्षणिक धोरण आहे, बीएला प्रवेश घ्या आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये सायन्सचा विषय घ्या, दोन्हीकडचं सारखंच होतं. हे खरं आहे का? शिवाय हातात जो कागद दिला त्यावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरं आहेत. मी स्वतः जुन्या पद्धतीची बीकॉम. कोणी समजावून सांगेल का? आणि पदवी तीन वर्षांची घ्यायची की चार, हे आत्ताच ठरवावं लागतं का?

खडकवाट

अनुताई, मी भूशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या भाचीचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ती जे सांगते आहे तो भूगोल नाही, ते भूशास्त्र आहे, म्हणजे जिऑलॉजी. नावं जवळची असल्याने दरवर्षी मुलं फसतात. भूगोल हा मोठा विषय आहे. पाऊस, नद्या, पाणलोट, वस्ती, नकाशे, उपग्रहाची चित्रं हे सगळं त्यात येतं, आणि तो बीए व बीएस्सी दोन्हीकडे असतो. पण आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या खडकाच्या, थरांत पाणी कुठल्या भेगेत साठतं, एकाच शेतात एक बोअर लागतो आणि पन्नास फुटांवरचा कोरडा का जातो, हे खडकांचं शास्त्र आहे.

फरक नोकरीतही पडतो. केंद्रीय भूजल मंडळातली जलभूशास्त्रज्ञांची, म्हणजे भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांची, पदं यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. तिथे भूशास्त्राची किंवा जलभूशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात, भूगोलाची चालत नाही. एमएस्सी भूशास्त्राला बहुतेक ठिकाणी बीएस्सीला भूशास्त्र असण्याची अट असते. म्हणजे बीए केलं की हा रस्ता पहिल्याच दिवशी बंद. सायन्सवाल्याला बीएला जाता येतं, उलट वळता येत नाही. खिडकीवर 'सारखंच' म्हणाले ते चुकीचं आहे.

ओपन इलेक्टिव्हचं गणित असं. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिकाचे असतील तर ३०. ओई बहुधा दोन क्रेडिटचा, म्हणजे ३० तास. तेवढ्यात ओळख होते, विषय येत नाही. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि कमाल १३२ क्रेडिट आहेत. त्यात मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, साधारण निम्मे, मायनरला, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला, १८ ते २०, ओईला सगळे मिळून १० ते १२. ओई आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. सायन्सच्या मुलाने आर्ट्स-कॉमर्सकडचं काहीतरी शिकावं यासाठीच तो आहे. पुढच्या शिक्षणाची दारं मेजरवर उघडतात, थोडीफार मायनरवर.

सिंधू_परभणी

मावशी, मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. त्या अक्षरांना घाबरू नका, पहिल्या सेमिस्टरनंतर पाठ होतात. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि मराठी-हिंदी वगैरे. व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान असले मूल्यशिक्षणाचे विषय. आयकेएस भारतीय ज्ञान परंपरा. सीसी मध्ये खेळ, एनएसएस, योग, कला. व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, त्यातला व्हीएससी मेजरला जोडून असतो. शिवाय पुढे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणं, आणि फील्ड प्रोजेक्ट.

आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय घेतले, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर झाला, एक मायनर, तिसरा सुटला. म्हणून पहिल्या वर्षाचे तीन विषय फार विचार करून भरायला सांगा. जो विषय त्या तिनात नाही तो पुढे मेजर होत नाही. माझ्या मैत्रिणीने गर्दीत फॉर्म भरताना नको त्या गटावर खूण केली आणि वर्षभर रडली.

दुसरं, कागदावर ओईची यादी लांबलचक असते. प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक आहेत तोच मिळतो. मला ग्रामीण अर्थशास्त्र हवं होतं, मिळालं बँकिंग. प्रवेशाआधी विभागात जाऊन "गेल्या वर्षी कोणते विषय खरंच चालवले?" असं विचारा.

अनुमावशी

सर, सिंधू, तुमचे फार आभार. सर, तुमचं उत्तर भाचीने तीनदा वाचलं. भूशास्त्र हा वेगळा विषय असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. आता दोन शंका. गणित नाही, चालेल का? आणि चार वर्षांचं काय? दाजींना वाटतं चौथ्या वर्षाची फी आत्ताच गळ्यात पडेल.

खडकवाट

चौथं वर्ष आत्ता ठरवायचं नसतं. तीन वर्षांनी बीएस्सी घेऊन बाहेर पडता येतं. तिला एमएस्सी करावीच लागणार आहे, आणि हिशोब दोन्हीकडून एकच येतो. तीन वर्षांनंतर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांनंतर एक वर्षाची. चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, तेव्हा ते तिच्या गुणांवर सोडा. अडचण आलीच तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबताही येतं, मात्र त्यासाठी चार क्रेडिटचा जादा कौशल्यक्रम करावा लागतो.

गणिताबद्दल प्रत्येक कॉलेजची पात्रतेची ओळ वेगळी असते, माहितीपुस्तिकेत 'भूशास्त्र' आणि त्याच्या जोडीचे विषय शोधा. काही ठिकाणी जोडीला गणित-भौतिकशास्त्रच देतात, काही ठिकाणी रसायनशास्त्र-वनस्पतिशास्त्र मिळतं. तिला दुसरा गट सोपा जाईल. एक फायदाही आहे. भारतीय वन सेवेला पदवीत जे विषय चालतात त्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र आहेत, भूगोल नाही.

भूशास्त्र मोजक्याच ठिकाणी आहे. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स, संभाजीनगरला शासकीय विज्ञान संस्था. पुढे एमएस्सीला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र आहे, ते तुम्हाला जवळ पडेल. मुलीला घराबाहेर ठेवावं लागेल हे मला कळतं आहे. दाजींशी बोलायचं असेल तर निरोप करा, मी फोन करीन.

कागदपत्रवाला

ताई, तोवर कागद गोळा करा. उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल. निकालानंतर तहसीलला झुंबड उडते. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक, काढा, क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असं असेल, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर ते आत्ताच सारखं करून घ्या.

अनुमावशी

काल दाजी आणि सर फोनवर चाळीस मिनिटं बोलले. त्यातली निम्मी त्या दोन बोअरबद्दल. दाजींनी वसतिगृहाची चौकशी करायला सांगितली आहे, सोमवारी भाचीला घेऊन संभाजीनगरला जाते आहे. तिथल्या मुलींच्या वसतिगृहांची माहिती कोणाला असेल तर कृपया इथेच लिहा.