राजाने सही केली, मग सत्ता लोकांची कशी?

प्रश्न (वाटसरू): औंध, सांगली, कोल्हापूर, बडोदे या संस्थानांत सगळीकडे भारतात विलीन होण्याच्या करारावर सही राजाची. राज्यघटना मात्र 'आम्ही भारताचे लोक' अशी सुरू होते. सत्ता राजाची असेल तर ती त्याच्याकडूनच आली म्हणायची. त्याची नसेल, तर त्याने सही करून दिले तरी काय?

दप्तरदार: आधी दोन कागद वेगळे करा, गोंधळ तिथेच होतो. १९४७ च्या सामीलनाम्यात, म्हणजे भारतात सामील होण्याच्या पहिल्या करारात, राजाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय दिले. भावी राज्यघटना आपल्यावर बंधनकारक नाही आणि आपले सार्वभौमत्व कायम आहे, असेही त्यातच लिहिलेले होते. विलीनीकरणाचा करार नंतरचा. औंध-सांगलीसह दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदे १ मे १९४९ ला. या करारात राज्यकारभाराचा सगळा अधिकार दिला आणि बदल्यात तनखा, म्हणजे सरकारकडून दरसाल ठरावीक रक्कम, मिळाला. ओडिशा-छत्तीसगडच्या संस्थानांना लावलेले सूत्र असे होते: उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १०, त्यापुढे साडेसात, कमाल १० लाख. म्हणजे आठ लाख उत्पन्नाच्या संस्थानाला १५,००० + ४०,००० + २२,५०० = ७७,५०० रुपये. राजाने दिला तो कारभाराचा ताबा. तो ताबा कायदेशीर कशामुळे ठरतो, हा प्रश्न वेगळा.

माणकाठ: सहीच पाया असती तर जुनागढ आज पाकिस्तानात असते. तिथल्या नवाबाने पाकिस्तानच्या सामीलनाम्यावर सही केली होती. २० फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत झाले, १,९०,८७० लोकांनी मत दिले, त्यात पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१. आणि हैदराबादच्या निजामाने सामीलनाम्यावर सहीच केली नाही, २३ नोव्हेंबर १९४९ चे फर्मान काढून घटना स्वीकारली. मराठवाड्याचे भारतातले स्थान त्यामुळे कुणाला कच्चे वाटत नाही.

वाटसरू: पण औंधात तर राजानेच लोकांना सत्ता दिली होती?

माणकाठ: हो, आणि भवानरावांचे ते पाऊल फार मोठे होते. जानेवारी १९३९ च्या घटनेने ७२ गावांच्या त्या संस्थानात कारभाराची सुरुवात गावच्या निवडलेल्या पंचायतीपासून झाली. पण ती राजाने दिलेली सनद होती. सनद देणारा ती परतही घेऊ शकतो, आणि त्याच्या वर ब्रिटिश अधिसत्ता बसलेली होतीच. देणाऱ्याचा हात वर असेपर्यंत पाया बदललेला नसतो.

कलमवाला: 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांतली खरी अडचणही मांडायला हवी. संविधान सभा थेट प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मताधिकाराला मालमत्ता-शिक्षणाच्या अटी होत्या. संस्थानांच्या प्रतिनिधींतले निदान निम्मे निवडलेले असावेत असे ठरले, बाकीचे राजांचे नेमलेले. सर्व प्रौढांची संमती प्रत्यक्ष मतपेटीत उतरली ती १९५१-५२ ला.

सत्तेचा उगम कुठे, हे तनख्यांच्या वादात सर्वांत स्वच्छ दिसते. कलम २९१ मध्ये तनख्यांची हमी होती. सप्टेंबर १९७० मध्ये ते काढण्याचे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे पडले, कारण घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात आणि २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३ होतात. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात तो आदेश रद्द केला. मग १९७१ च्या निवडणुकीनंतर नव्या संसदेने २६ वी घटनादुरुस्ती केली: तनख्यांचे कलम २९१ आणि राजांच्या विशेषाधिकारांचे ३६२ गेले, मान्यता आणि तनखे संपवणारे ३६३क आले. आदेशाने जे जमले नाही ते घटनादुरुस्तीने झाले, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली. जुन्या करारांवरच्या राजांच्या सह्या तशाच होत्या, पण ही दुरुस्ती त्यांना अडवता आली नाही.