तीन वर्षांची लेक ‘मी जातो’ म्हणते, सुधारायचं की नाही?

अनूची आई: काल एकीने लिहिलंय की तिची तीन वर्षांची लेक ‘मी जातो, मी खातो’ म्हणते आणि ती मुद्दाम सुधारत नाही, ‘तिची ओळख तिची तिला सापडू दे’ म्हणून. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. अहो, कसली ओळख! मूल ऐकतं ते बोलतं. माझी अनू दोन वर्षांची असताना भूक लागली की ‘तुला भात पाहिजे’ म्हणायची, कारण आम्ही तिला तसं विचारायचो. स्वतःची जाणीव तिला आधीच आली होती. १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी लहान मुलं स्वतःला ओळखतात का हे बघायला त्यांच्या नाकाला लाली लावून त्यांना आरसा दाखवला होता, तेच मी टिकली लावून केलं. दीड वर्षाची असताना आरशातल्या टिकलीवर बोट; दोनाला टेकली तेव्हा थेट स्वतःच्या कपाळावर. ‘मी’ हा शब्द त्यानंतर कितीतरी दिवसांनी आला. पोरीच्या क्रियापदावर तुमचं तत्त्वज्ञान लादू नका. ‘हो, तू जातेस’ एवढं म्हणा, पुरे.

रंकाळा: सुधारायचं म्हणजे काय ओ? आमच्या कोल्हापुरात आई, आजी, आत्या सगळ्या ‘मी आलो, मी जातो’च म्हणतात. त्या काय पुरुष झाल्या? मी लग्न होऊन पुण्यात आलो तर ऑफिसात पहिल्याच दिवशी हसले. ते सोसलं. पण माझ्या पोरीला बालवाडीत बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘तू मुलगा आहेस का?’ आठवडाभर तिथं तोंड उघडलं नाही तिनं. डब्याचं झाकण निघेना तरी कुणाला सांगितलं नाही, डबा तसाच घरी.

निवृत्त शिक्षक: बाईंचं चुकलंच. पण ३१ वर्षं मराठी शिकवलंय, प्रमाण रूप लहानपणी कानावर पडलं नाही तर पुढे निबंधात मुलं अडखळतात.

रंकाळा: निबंधासाठी आजीची भाषा सोडायची? पुण्याचं ते प्रमाण आणि आमचं ते चूक, हे ठरवलं कुणी? आता मी पोरीशी मुद्दाम ‘आलो, गेलो’च बोलतो.

निवृत्त शिक्षक: चूक म्हटलेलं नाही. आवाज चढवू नका.

अनूची आई: कोल्हापूरचं मान्य, ‘सुधारायचं’ हा शब्द मागे घेते. पण पोस्टवाली ठाण्याची आहे. प्रश्न तिच्या लेकीचा होता, तो राहिला बाजूलाच.

ठाण्याची आई: पोस्ट माझीच. लेक बाहुलीबद्दल ‘ती जाते’ म्हणते, मला ‘तू जातेस’ म्हणते. फक्त स्वतःला ‘जातो’. फरक कळतो तिला, म्हणून तसं लिहिलं.

अनूची आई: मग दिवसभर घरात तिच्या कानावर ‘मी’ कुणाचा पडतो?

ठाण्याची आई: बाबाचा. तो घरून काम करतो. मी पोचते साडेआठला. काल दार उघडलं तर उशी घेऊन उभी होती. म्हणाली, ‘आई, मी झोपतो हं.’