काशीत तीन दिवस: देवदर्शन सोडून काय काय बघावं?

मिरजकर_बाळ्या:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाराणसीला जायचं फिक्स झालंय, आई-बाबा, बायको, सातवीतला मुलगा आणि मी. आईला विश्वनाथाचं दर्शन आणि गंगास्नान झालं की ती खूश, पण बाबांना इतिहासाचं भयंकर वेड, ते आत्तापासून घाटांची नावं पाठ करत बसलेत. मुलगा एका देवळानंतर बोअर होणार हे लिहून देतो. यूट्यूबवर बघावं तर सगळे तेच ते, संध्याकाळची आरती आणि कचोरी. तीन पूर्ण दिवस हातात आहेत तर त्या पलीकडे खरंच बघण्यासारखं काय आहे? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार जमत नाहीत, हे पण लक्षात घेऊन सांगा. आणि राहायचं कुठे, घाटावर की स्टेशनजवळ?

गोदाकाठ:
स्टेशनजवळ अजिबात राहू नका, रोज गोदौलिया चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तास-तास जाईल. पण संध्याकाळची आरती होते त्या दशाश्वमेध घाटाच्या अगदी गल्लीत पण नको कारण तिथे गाडी आत येत नाही, बॅगा घेऊन चालावं लागतं आणि काकूंना ते जमायचं नाही. अस्सी घाटाच्या बाजूला बघा, रिक्षा बऱ्यापैकी जवळ येते आणि पहाटे तिथेच 'सुबह-ए-बनारस' असतं, आरती, मग थोडं शास्त्रीय गाणं-वाजवणं, गर्दी संध्याकाळच्या मानाने काहीच नाही. काकूंसाठी ही सकाळची आरती जास्त बरी, नीट बसायला तरी मिळतं.

गंगा इथे उत्तरेकडे वळून वाहते आणि घाट सगळे एकाच, पश्चिम काठावर, समोर नुसती वाळू. त्यामुळे सूर्य थेट समोरून वर येतो आणि सगळ्या घाटांवर एकदम ऊन पडतं. म्हणून बोट घ्यायची तर पहाटेचीच घ्या. अस्सीपासून निघून पार पंचगंगा घाटापर्यंत न्यायला सांगा, बहुतेक नाववाले मणिकर्णिकेपासूनच (चिता जळतात तो घाट) परत फिरवतात आणि खरी मजा त्याच्या पुढे आहे. भाव बसायच्या आधी ठरवा, माणशी का अख्खी बोट हे दोनदा विचारा. एका नाववाल्याने आम्हाला मधेच नदीत थांबवून 'ये तो एक आदमी का रेट है' सुरू केलं होतं 😡 काठावर येईपर्यंत भांडण.

विश्वनाथाला मोबाईल, स्मार्ट वॉच, पेनसुद्धा आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानवाले 'लॉकर फ्री' म्हणतात आणि मग प्रसादाची टोपली गळ्यात मारतात, त्यामुळे सगळं हॉटेलवरच ठेवून जा. आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधून घेतलेलं, शिखरावरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलं. २०२१ ला देवळापासून गंगेपर्यंतचा कॉरिडॉर झाला त्यात अहिल्याबाईंचा पुतळा पण आहे, बाबांना दाखवा.

नागपूरकर_विदर्भ:
बाबांसाठी मी लिहितो कारण माझा पण तोच रोग आहे 😄

मणिकर्णिकेच्या उत्तरेला लागलात की अर्धे घाट मराठ्यांचेच आहेत. पहिला सिंधिया घाट. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि दगडाचं वजन एवढं झालं की पाया खचला. त्याच्याच कडेला ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे, फोटोत सगळ्यांनी बघितलेलं. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो आणि नंतर गाळ उपसावा लागतो. तुमच्या पोराला हे नक्की आवडेल, देऊळ वाकडं का हा प्रश्न घेऊन तो तासभर गप्प बसेल.

पुढे आमच्या नागपूरच्या भोसल्यांचा घाट. हा पाण्यातून बघायचा. खाली नुसती उंचच उंच दगडी भिंत, एक खिडकी नाही, आणि पार वर गेल्यावर बारक्या नक्षीदार खिडक्यांची ओळ. गंगेला पूर किती चढतो हे ज्याला माहीत होतं त्यानेच हे बांधलंय. त्याच्या पुढे गणेश घाट, अमृतराव पेशव्यांचा. मग ग्वाल्हेरवाल्यांचे, मग बालाजी घाट, तिथल्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेब लहानपणापासून शहनाईचा रियाज करायचे. मग पंचगंगा. इथे रामानंदांचा, म्हणजे कबीराच्या गुरूंचा, मठ, कबीर पहाटे पायऱ्यांवर आडवा झाला आणि रामानंदांचा पाय लागला ती गोष्ट इथलीच. दगडी हजारा दीपमाळ पण इथेच, कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीत पेटवतात, तुमच्या तारखांना ते होऊन गेलेलं असेल. कार्तिकात बांबूच्या टोकाला टोपल्यांत आकाशदिवे टांगतात तेही संपलेलं असेल. वर मशीद आहे औरंगजेबाच्या काळातली, बिंदुमाधवाच्या (विष्णूच्या) मूळ देवळाच्या जागेवरची, आणि आत्ताचा बिंदुमाधव बाजूच्या एका घरासारख्या इमारतीत आहे, पाटी नसेल तर पुढे निघून जाल.

त्याला लागूनच दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. ही जुनी मराठी वस्ती. नारायण दीक्षित पाटणकर पेशवाईत काशीला जाऊन राहिले आणि या भागातलं बरंच काम त्यांच्यामुळे झालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली घरं आहेत, मराठी बोलतात पण सूर बनारसी, ऐकायला फार गोड वाटतं. आणि आपलं एकनाथी भागवत पूर्ण झालं ते काशीतच हे पण बाबांना सांगा, नाहीतर तेच तुम्हाला सांगतील.

फक्त एक, पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे शिडी आहे शिडी. काकूंना बोटीतच बसवा, बाबांना घेऊन तुम्ही चढा. आणि मणिकर्णिकेला फोटो काढू नका, तिथे 'गरिबाच्या लाकडासाठी दान द्या' म्हणत कोणी मागे लागलं तर हात जोडून पुढे चला.

मिरजकर_बाळ्या:
वा वा नागपूरकर, बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी 'हा माणूस कोण आहे विचार' म्हणून सांगितलंय 😀 सारनाथला अर्धा दिवस पुरेल का? आणि रामनगरचा किल्ला करावा का, काहीजण म्हणतात वेळ वाया जातो.

आळशी_प्रवासी:
सारनाथला अर्धा दिवस पुरतो, दहा-बारा किलोमीटरच आहे. फक्त शुक्रवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं आणि मग निम्मं सारनाथ गेलंच म्हणून समजा. धामेक स्तूप मोठा आहे, त्रेचाळीस मीटरच्या वर उंची, खालच्या पट्ट्यातली वेलबुट्टीची नक्षी जवळ जाऊन बघा. पण खरा ऐवज म्युझियममध्ये, दारातून आत गेलं की समोरच चार सिंह. आपण नोटेवर, पासपोर्टवर बघतो ते हेच, १९०५ च्या सुमाराच्या उत्खननात सापडलेले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि अजून चकाकतो, पॉलिश असं की हात लावायचा मोह होतो (लावू नका, गार्ड ओरडतो). बाजूने जाऊन आयाळीच्या बटा बघा, आणि खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि मधे मधे चक्रं. आधी बाहेर खांबाचे तुकडे बघा, ते तिथेच काचेच्या आड आहेत, आणि मग आत या, म्हणजे मुलाला कळेल की हे सिंह त्याच खांबावर होते. सारनाथ सगळं सपाट आहे, काकूंच्या गुडघ्यांना त्रास नाही.

रामनगर माझ्या मते सोडा. म्युझियममध्ये जुन्या मोटारी, पालख्या, तलवारी, बंदुका, सगळ्यावर धुळीचा थर आणि पाट्या वाचता येत नाहीत. तेवढ्या वेळात मान मंदिर करा, दशाश्वमेधला लागूनच आहे आणि कोणी जात नाही. मानसिंहाचा वाडा, गच्चीवर सवाई जयसिंहाने बसवलेली वेधशाळा, जयपूरच्या जंतरमंतरचं लहान भावंडच. सावलीवरून वेळ कशी काढतात हे पोराला दाखवा, ऊन मात्र हवं, धुकं असेल तर उपयोग नाही.

गोदाकाठ:
रामनगरबद्दल असहमत. धूळ आहे हे मान्य पण किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूने गंगा जशी दिसते तशी घाटावरून दिसत नाही. आणि तिथलं खगोलीय घड्याळ बाबांना दाखवाच. हां, रामलीलेच्या महिन्यात गेलात तर रामनगरला तोड नाही, माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, लोक खाली बसून रामचरितमानस वाचतात आणि एका प्रसंगाहून दुसऱ्या प्रसंगाला चालत जातात. पण ते भाद्रपद-आश्विनात.

आळशी_प्रवासी:
म्हणजे डिसेंबरात धूळच बघायची ना 😂

चहाबाज_ताई:
तुम्ही पुरुषमंडळी दगड बघत बसा, खाण्याचं कोणी नीट सांगितलंच नाही. डिसेंबरात जाताय तर मलइयो खाल्ल्याशिवाय परत येऊ नका, दुधाचा नुसता फेस, केशर-वेलची घातलेला, कुल्हडमध्ये देतात, तोंडात घातला की गेला. फक्त थंडीतच मिळतो आणि सकाळीच, ऊन चढलं की संपला. चौक नावाच्या भागात शोधा. टमाटर चाट पण खा, नाव ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी नाक मुरडलं होतं आणि मग दुसरी प्लेट मागवली. साडीच्या दुकानात रिक्षावाल्याच्या सांगण्यावरून जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्या बिलात येतं.

आणि बायकोला, आईला घेऊन भदैनीला जा, अस्सीच्या जवळच आहे. झाशीच्या राणीचा जन्म तिथला, स्मारक आहे, घोड्यावरचा पुतळा. गर्दी नाही, पायऱ्या नाहीत, रिक्षाने दहा मिनिटांचं काम.

मिरजकर_बाळ्या:
ताई मलइयो लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न, आरतीला आईला कुठे बसवू? पायऱ्यांवर नाही बसता येणार तिला.

गोदाकाठ:
वरच्या घरांच्या गच्च्यांवर खुर्च्या टाकून पैसे घेतात, पण तिथे जायला परत जिनाच. त्यापेक्षा बोटीतून बघा, समोरून दिसतं आणि चढउतार एकदाच. अस्सीलाच बसा बोटीत, दशाश्वमेधला चढवू नका, तिथे बोटीला बोट लागलेली असते आणि या बोटीतून त्या बोटीत उड्या मारत जावं लागतं. थंडीत आरती साधारण सहाच्या सुमाराला सुरू होते, तरी हॉटेलवाल्याला त्या दिवशीची वेळ विचारा आणि अस्सीहून पाऊण-एक तास आधी निघा. नदीवर वारा बोचतो, काकूंना शाल आणि कानटोपी द्या.