टिटवीचं चौथं अंडं फुटलंच नाही, खाडीतल्या पाऱ्या-शिशामुळे असेल का?

खाडीकाठचा_ऐरोलीकर
आमच्याकडे खाडीच्या बाजूला मोकळ्या खडीत टिटवीने चार अंडी घातली होती, मातकट, वर काळे ठिपके, टोकं आत वळवलेली, दोनदा पाय पडता पडता वाचला. तीन पिल्लं निघाली, चौथं तसंच पडलंय आणि ती आता त्याच्याकडे बघतही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कारखान्यांचं पाणी इतकी वर्षं खाडीत जातंय, तर हे त्यामुळेच का? लॅबमध्ये नेऊन देऊ का?

रातबगळा
आधी हात लावू नका! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जंगली पक्ष्याचं अंडं उचलणंही गुन्हा आहे, न फुटलेलं असलं तरी. टेस्ट करायचीच तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते, ऐरोलीलाच कांदळवन कक्षाचं केंद्र आहे तिथे विचारा.

बाकी चारातलं एक वाया जाणं नेहमीचंच, कधी फलनच झालेलं नसतं. आणि सगळे धातू अंड्यात सारखे उतरत नाहीत. पारा मादीच्या रक्तातून अंड्यात जातो, तोही जास्त करून पांढऱ्यात. शिसं शरीराला कॅल्शियमच वाटतं म्हणून हाडांत आणि कवचात शिरतं. कॅडमियम मात्र तिच्या मूत्रपिंडात अडकून राहतं, अंड्यात फारसं येतच नाही, म्हणजे अंडं स्वच्छ निघालं तरी मादी स्वच्छ असेलच असं नाही. शिवाय टिटवी किडे खाते, पारा साठत जातो मासे खाणाऱ्यांत, तेव्हा शोधायचा तर बगळ्यात, पाणकावळ्यात शोधा.

फ्लेमिंगोप्रेमी_नेरूळ
मग फ्लेमिंगोंची अंडी तपासली तर? २०२२ पासून ठाणे खाडी रामसर साइट आहे, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, कोणीतरी करतच असेल ना

रातबगळा
अहो ते इथे अंडी घालतच नाहीत, कच्छच्या रणात घालतात. इथे फक्त खायला येतात. इथल्या खाडीचा हिशोब हवा तर इथेच घरटं करणारे पक्षी बघायला लागतील.

दिवाळ्याचा_पोऱ्या
बगळा काय खातो माहितीये का? निवट्या, चिखलातली मासळी. आमचा आजा चिखलात हात घालून काढायचा त्याच, आणि आमच्या घरी अजून कालवण होतंच. पक्ष्याची अंडी तपासा, नको कोण म्हणतंय, पण एखादी टोपली बाजारातून पण उचला की, तिला परवानगी पण लागत नाय.

खाडीकाठचा_ऐरोलीकर
अंडं राहू दे तिथेच. दादा, निवट्या सकाळी किती वाजता येतात बाजारात?