मदत हवी आहे: मुलगी शिक्षणासाठी डब्लिनला निघाली आहे, अडचणीच्या पहिल्या तासाची तजवीज कशी करावी?

डिचोलीची शिक्षिका

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात राहते आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. माझी मुलगी बावीस वर्षांची असून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येत्या सप्टेंबरात आयर्लंडला, डब्लिन शहरात निघाली आहे. प्रवेश, शुल्क आणि व्हिसा ही कामे मार्गी लागली आहेत, त्यामुळे त्यांविषयी मला काही विचारायचे नाही. माझा प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा आहे. तिथे शिकलेल्या, राहिलेल्या किंवा आपली मुले पाठवलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

आतापर्यंत ती ताळगावच्या विद्यापीठात घरूनच जाऊन-येऊन शिकली. पणजीहून शेवटची कदंब बस चुकली, तर साखळीचा तिचा मामा दुचाकी काढून तिला आणायला जातो. ताप चढला, तर आम्ही शाळेतून येईपर्यंत शेजारच्या काकू तिला दवाखान्यात नेऊन आणतात. बसस्थानकावर कोणी मागे लागले, तर तिथल्या दुकानदारांपैकी एखादा तरी तिच्या वडिलांना ओळखणारा निघतोच. ही माणसे आम्ही कधी मुद्दाम नेमली नव्हती, ती होतीच. डब्लिनमध्ये ती नसतील, आणि आम्ही कितीही धडपडलो तरी पहिल्या दिवशी तिथे पोहोचू शकणार नाही. म्हणून मला नेमके हेच समजून घ्यायचे आहे, की अडचण आल्यावर पहिल्या तासाभरात तिच्यापाशी कोण पोहोचेल आणि त्याची व्यवस्था इथून निघण्यापूर्वी किती करता येईल.

घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागण्याचे कारणही सांगते. २०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टाला या उपनगरात एका भारतीय व्यक्तीवर हल्ला झाला. त्यानंतर १ ऑगस्टला तिथल्या भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना सावध राहण्याची, विशेषतः अवेळी निर्जन भागात न जाण्याची सूचना दिली. मुलीने ती सूचना स्वतः मला वाचून दाखवली आणि तरीही जाण्याचा निश्चय कायम ठेवला. तिच्या निर्णयाच्या आड यावे असे मला वाटत नाही. मात्र तिची काळजी निव्वळ नशिबावर सोडण्याची माझी तयारी नाही.

नातेवाईक म्हणतात, ‘आपल्या वाड्यावरची माणसे स्विंडनला आहेतच की.’ गोव्यातील कितीतरी कुटुंबे स्विंडनला स्थायिक झाली आहेत हे खरे, पण स्विंडन इंग्लंडमध्ये आहे. आयर्लंड हा वेगळा देश, त्याचा व्हिसा वेगळा आणि मध्ये समुद्र. ती माणसे फोनवर धीर देतील, तेवढ्याने पहिल्या तासाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा मुद्दा आमच्या दोघींमधला आहे. तिने फोनवरून आपले ठिकाण मला चोवीस तास दिसू द्यावे, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. ती म्हणते, की नकाशावरचा ठिपका पाहून तुम्ही इथे जागत बसाल आणि मला तिथे त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. मला तिचे म्हणणे पटते, पण त्याऐवजी काय करावे हे सुचत नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे, तिच्या आत्याने बॅगेत ठेवण्यासाठी पेपर स्प्रेची बाटली आणून दिली आहे. ती नेता येते का? निवासासाठी संकेतस्थळावर पाहिलेल्या एका खोलीचा मालक सध्या परदेशात असल्याचे सांगतो, दोन महिन्यांची अनामत आधी मागतो आणि किल्ली कुरियरने पाठवीन म्हणतो. हे कितपत विश्वासार्ह आहे?

लिफीकाठची फोंडेकर

ताई, मी मूळची फोंड्याची. डब्लिनमध्ये शिकले आणि आता इथेच नोकरी करते. तुमचा पहिल्या तासाचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

इथेही आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, ९९९ सुद्धा चालतो. फोन उचलणारी व्यक्ती प्रथम कोणती सेवा हवी ते विचारते: गार्डा म्हणजे इथले पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल की तटरक्षक. त्यानंतर पत्ता विचारला जातो, आणि इथे पत्त्याचा प्राण म्हणजे आयर्कोड. सात अक्षरे-अंकांचा हा संकेतांक प्रत्येक घराला स्वतंत्र असतो. आमच्या घरी एका मैत्रिणीच्या हातावर उकळते तेल सांडले, तेव्हा फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून मी आयर्कोड वाचून दाखवला आणि रस्त्याचे नाव, खुणा, वळणे यांपैकी काहीही सांगण्याची वेळ आली नाही. मुलीला म्हणावे, खोली ताब्यात आली की पहिल्याच दिवशी आयर्कोड कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लाव आणि फोनमध्येही ठेव. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की तुम्ही डिचोलीहून ११२ फिरवलात तर तो फोन गोव्यातच लागेल. म्हणून तिच्या घराजवळच्या गार्डा ठाण्याचा थेट क्रमांक आणि विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांक, दोन्ही +३५३ या देशसंकेतांकासह तुमच्या घरी लिहिलेले असू द्यावेत. सोबत तिच्याबरोबर राहणाऱ्या एका मुलीचा आणि वर्गातल्या एका व्यक्तीचा क्रमांक, अर्थात त्यांच्या संमतीने, घ्यावा. मामा आणि शेजारच्या काकू यांची जागा इथे हीच माणसे घेतात. त्यांची ओळख पहिल्या पंधरवड्यात, सगळेच नवखे असताना, सहज होते. पुढे जो तो आपापल्या कामाला लागतो आणि ते अवघड होत जाते.

विद्यापीठाविषयीही सांगितले पाहिजे. इथे अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याची माहिती, माहिती संरक्षणाच्या कायद्यामुळे, आईवडिलांनाही दिली जात नाही. तुम्ही काळजीने फोन केलात तरी ‘ती आज वर्गात आली होती का’ याचे उत्तर मिळणार नाही. तिने नोंदणीच्या वेळी आपत्कालीन संपर्क म्हणून तुमचे नाव व क्रमांक स्वतः भरला, तर विद्यापीठाला गरज पडल्यावर तुमच्याशी बोलता येते. तो रकाना रिकामा ठेवू नये किंवा बंद पडलेला क्रमांक देऊ नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्यांसाठी नोंदणीची सोय आहे, तीही निघण्यापूर्वी करून टाकावी.

पेपर स्प्रे कृपया घरीच ठेवावा. भारतात तो दुकानात मिळतो, पण आयर्लंडच्या कायद्यात तो बंदुकीच्या वर्गात मोडतो आणि तो बाळगणे हा गुन्हा आहे. स्वसंरक्षणासाठी नेलेली वस्तू तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करील. त्याऐवजी पिन ओढताच कर्कश वाजणारा छोटा गजर किल्लीच्या कडीला लावावा. तो चालतो.

हल्ल्यांच्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या वाचून आम्हीही हादरलो होतो. माझे वर्ग आणि नोकरी मात्र सुरळीत चालली आणि बहुतेक दिवस इथे सरळपणे जातात. खबरदारी मुख्यतः संध्याकाळची घ्यावी लागते. डिसेंबरात इथे चारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारचा तास संपवून बाहेर पडणारी मुलगी काळोखातच घरी येते. खोली निवडताना भाड्याइतकेच बसथांब्यापासून दारापर्यंतचे अंतर पाहावे आणि तो रस्ता एकदा अंधार पडल्यावर, कोणाला तरी सोबत घेऊन, चालून पाहावा. दुमजली बसमध्ये रात्री वर न जाता खाली, चालकाजवळ बसावे. टॅक्सी घेतली तर छतावरच्या पाटीचा क्रमांक राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाच्या ‘ड्रायव्हर चेक’ ॲपवर पडताळता येतो. पोरांचे टोळके काही बोलले तर उत्तर देत थांबू नये, उजेडातल्या दुकानात शिरावे. आणि काही घडलेच तर गार्डांकडे तक्रार नोंदवावी. व्हिसावर परिणाम होईल या भीतीने अनेक विद्यार्थी गप्प बसतात, पण पीडिताने तक्रार केल्याने त्याचा व्हिसा जात नाही.

हिशेबनीस, म्हापसा

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूचेच लिहितो. ताई, त्या खोलीचे पैसे मुळीच पाठवू नयेत. मालक परदेशात, किल्ली कुरियरने आणि अनामत आधी, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. डब्लिनमध्ये घरांची चणचण असल्यामुळे नवखे विद्यार्थी तिला सहज बळी पडतात. आयर्लंडच्या कायद्यानुसार भाड्याच्या घरासाठी एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, म्हणजे त्या माणसाची मागणी तिथेच नियमात बसत नाही. सुरुवातीचे काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा विद्यापीठाने सुचवलेल्या ठिकाणी काढावेत आणि प्रत्यक्ष पाहून, करार वाचून मगच खोली घ्यावी. मालकाच्याच घरात राहण्याच्या व्यवस्थेला तिथे ‘डिग्ज’ म्हणतात. ती स्वस्त पडते, पण तिथे राहणाऱ्याला भाडेकरूचे कायदेशीर हक्क मिळत नाहीत. म्हणून खोलीला आतून कडी आहे का, घरात आणखी कोण राहते आणि निघून जाण्यासाठी किती दिवसांची सूचना मिळेल, हे आधी विचारून घ्यावे.

याहून गंभीर गोष्ट खात्याची आहे. एखादा ओळखीचा विद्यार्थी म्हणतो, ‘माझे थोडे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे, पुढे पाठवून दे, काही रक्कम तू ठेव.’ हे पैसे बहुधा कोणाला तरी लुबाडून आलेले असतात आणि खाते वापरू देणारा मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात सापडतो, ज्याला आयर्लंडमध्ये १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशांची ओढाताण सुरू असलेल्या मुलांनाच असे लोक हेरतात. म्हणून महिन्याचा खर्च कमी पडला तर तिने आधी घरी सांगावे आणि सांगितल्यावर तिला बोलणी बसणार नाहीत, एवढा विश्वास तुम्ही तिला आजच द्यावा.

तिसरी फसवणूक तुमच्या दारी येईल. ‘तुमच्या मुलीला अटक झाली आहे, ताबडतोब रक्कम भरा’ असा फोन येतो, मागे रडण्याचा आवाजही ऐकवतात, आणि भल्याभल्या माणसांचे हातपाय गळतात. घरातल्यांनाच उत्तर माहीत असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवावा आणि तो कुठेही लिहू नये. फोन ठेवून मुलीला, ती न उचलल्यास तिच्या सोबतिणीला फोन करावा. पैसे गेलेच तर भारतात १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, जितका उशीर होईल तितकी रक्कम अडवणे कठीण होते.

डिचोलीची शिक्षिका

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. त्या खोलीच्या मालकाला नकार कळवला आहे, आणि पेपर स्प्रेविषयीचे उत्तर मी आत्यालाच वाचायला दिले. दोन शंका उरतात. ठिकाण चोवीस तास पाहायचे नसेल तर नेमके काय ठरवावे? तिचा रात्रीचे काम धरण्याचा विचार आहे. ती अकराला परतेल तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात तर साडेचार वाजलेले असतील. आणि तिचे विमान डब्लिनला रात्री उशिरा उतरते, तर त्या पहिल्या रात्रीचे काय करावे?

लिफीकाठची फोंडेकर

ताई, माझ्या घरी जे ठरले होते ते सांगते. ठिकाण रोज दाखवायचे नाही. रात्री बाहेर पडताना मात्र तासाभरापुरते ते इथल्याच मैत्रिणीला पाठवायचे, कारण उठून दारापर्यंत येऊ शकेल अशी व्यक्ती तीच असते. घरी पोहोचल्यावर मैत्रिणीला आणि आईला एकच संदेश जातो. तो ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आला नाही तर मैत्रीण फोन करते, फोन लागला नाही तर ती शोधायला निघते किंवा गार्डांना कळवते. आईला पहाटे उठवायचे ते काही कळल्यानंतरच. हे सगळे मुलीने स्वतः ठरवून तुम्हाला लिहून द्यावे, म्हणजे ते तिच्याकडून पाळले जाते.

कामाविषयी नियम स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या ‘स्टॅम्प २’ परवान्यावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, आणि जून ते सप्टेंबर तसेच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास काम करता येते. स्वतंत्र व्यवसाय त्यात बसत नाही, म्हणून दुसऱ्याच्या नावावरचे खाते भाड्याने घेऊन घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम तिने धरू नये. त्या कामात रात्री-अपरात्री एकटे फिरावे लागते आणि मारहाण झाली तरी तक्रार करायला तोंड राहत नाही. मुलाखतीतच विचारावे, की दुकान बंद करताना किती माणसे असतात आणि शेवटची बस मिळेल अशा वेळी सोडतात का.

पहिल्या रात्रीसाठी, शक्य असल्यास तिकीट बदलून दिवसा उतरणारे विमान घ्यावे. सप्टेंबरात अनेक विद्यापीठे विमानतळावर नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वागत कक्ष ठेवतात. त्याची वेळ आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल करून विचारावी आणि तिचे विमान त्या वेळेत बसवावे. तिकीट बदलणे जमलेच नाही, तर विमानतळाजवळच्या हॉटेलात एका रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवावी आणि शहरात सकाळी उजेडी जावे. भारतातले सिमकार्ड बंद करू नये, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. तिची तारीख पक्की झाली की मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवा. सुट्टी असली तर मी स्वतः विमानतळावर जाईन, नसली तर फोंड्याचीच दुसरी एक मुलगी विमानतळाच्या जवळ राहते, तिला विचारते.