मदत हवी आहे: फोन पहिल्या लॉटमधला, सुधारणा पुढच्या लॉटमध्ये. बदलून मागू का?

मंडळी, सल्ला हवाय. भांडायला निघण्याआधी माझंच काही चुकत असेल तर तेही सांगा.

सात महिन्यांपूर्वी एक नवीन मॉडेल पहिल्याच सेलमध्ये घेतलं. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.) कॅमेरा, बॅटरी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. तक्रारी दोनच. आवाजाचं बटण सैल आहे, फोन हलवला की खुळखुळतं. आणि सिमचा ट्रे घट्ट बसत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की 'नो सिम'. ट्रे काढून परत घातला की चालू. आमच्याकडे खड्ड्यांना तोटा नाही, त्यामुळे हे आठवड्यातून तीन-चारदा होतं.

गेल्या महिन्यात मेहुण्याने तोच फोन घेतला. तेच मॉडेल, तोच रंग. बटण एकदम घट्ट. ट्रे काढून बघतो तर कडेने रबराची बारीक रिंग! माझ्या ट्रेला रबर नाहीच. मग आम्ही ट्रेची अदलाबदल केली. चार दिवस माझं नेटवर्क एकदाही गेलं नाही, आणि त्याच्या फोनवर दुसऱ्याच दिवशी 'नो सिम'. (त्याच दिवशी त्याचा महत्त्वाचा कॉल हुकला. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.)

सर्व्हिस सेंटरवाल्याने ट्रेला चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला आणि म्हणाला, "सर, पहिल्या लॉटला असंच आहे." म्हणजे त्यांनाही माहीत आहे!

2013 सालच्या गूगलच्या नेक्सस 5 फोनचं आठवत असेल. बाजारात येऊन थोडेच दिवस झाले होते, तोवर स्पीकरची भोकं मोठी केलेले आणि बटणं बदललेले फोन यायला लागले. ना घोषणा, ना नवीन नाव. आधी घेणारे बसले हात चोळत. आता तीच पाळी माझ्यावर. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला सुधारलेला फोन बदलून मिळायला नको का? कुणाला मिळालाय का?

प्रतिसाद

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नंतरचा माल चांगला निघाला म्हणून आधीचा आपोआप सदोष ठरत नाही. कंपन्या उत्पादन चालू असताना बारीकसारीक बदल करतच असतात. दर बदलाला जुने फोन परत घ्यायचे म्हटलं तर कंपनी सुधारणाच करणार नाही.

आयफोन 4 चं बघा. 2010 मध्ये डाव्या हाताने धरला की सिग्नल पडायचा, जगभर बोंबाबोंब झाली. 16 जुलैला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने पत्रकार परिषद घेतली, फुकट कव्हर वाटली, नको असेल तर 30 दिवसांत परत करून पैसे घ्या म्हणाला. 2011 च्या सुरुवातीला व्हेरायझन या अमेरिकेतल्या मोबाइल कंपनीसाठी जो आयफोन 4 आला त्याच्या अँटेनाची रचना बदललेली होती. म्हणून काही जुने बदलून दिले नाहीत. फोन सरसकट परत घेतले ते 2016 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट 7 चे, कारण ते पेट घेत होते.

प्रतिसाद

वरच्यांचं बटणापुरतं मान्य. खुळखुळ सोडून द्या. पण सिम निसटणं ही सुधारणेची गोष्ट नाही, तो दोषच आहे. मेहुण्याचा फोन अजिबात पुढे करू नका. "त्याला आहे, मला का नाही" म्हणालात की तुमची केस गेली. "माझ्या फोनचं नेटवर्क जातं" एवढंच म्हणा.

चिकटपट्टी लावली तेव्हा जॉबशीट (सेंटरने दिलेली तक्रारीची लेखी नोंद) घेतली होती का? नसेल तर त्यांच्या लेखी तुम्ही आलाच नव्हता. परत जा, तक्रार लिहून घ्या. वॉरंटी संपायच्या आत हे झालंच पाहिजे.

दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही.

प्रतिसाद

एक बाळबोध प्रश्न. अख्खा फोन कशाला मागताय? ट्रे मागा की!

धागाकर्ता

जॉबशीट घेतली नव्हती. चूक झाली.

आणि ट्रेचं खरंच डोक्यात आलं नाही, फोनच बदलून घ्यायचा हे धरून बसलो होतो. आत्ताच सेंटरला फोन केला. म्हणाले, ट्रे वॉरंटीत बदलता येईल, पण नवीन रबरवाला येईल की जुनाच ते पार्ट आल्यावर कळेल. शनिवारी जातोय. जुनाच आला तर तोही जॉबशीटवर लिहून घेऊ का?